वाल्याच्या पापाचे वाटेकरी

गुन्हेगारीशास्त्र, म्हणजे गुन्हा का घडतो, तो करणारा कसा घडतो आणि समाज त्याच्याशी कसा वागतो यांचा पद्धतशीर अभ्यास, विद्यापीठात सामाजिक शास्त्र म्हणून शिकवला जात असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्मचिंतनाचा आहे: कर्माचा कर्ता नेमका कोण? पुढे वाल्मीकी ऋषी झालेल्या वाल्या कोळ्याच्या कथेत, घरचे तुझ्या पापात वाटेकरी होतील का, असे विचारून नारदांनी हाच प्रश्न उभा केला. ज्यांच्या पोटासाठी वाल्याने वाटमारी केली आणि प्रत्येक खुनामागे रांजणात एक खडा टाकला, त्या बायकामुलांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला. कथेचा ओढा वाल्याच्या पश्चात्तापाकडे आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या घराचे उत्तर खरे होते काय, हे कथा विचारत नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देहाचा आधार, कर्ता, करण म्हणजे इंद्रियादी साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव; जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी तेथे अपुरी ठरवली आहे. हा विचार अहंकार गळावा म्हणून आला आहे, अपराध्याला सूट मिळावी म्हणून नव्हे. तरीही जो दुसऱ्याचा निवाडा करायला बसतो, त्याला उरलेली चार कारणे डोळ्याआड करता येत नाहीत.

मात्र कारणे शोधणे म्हणजे आपोआप दया करणे नव्हे. इटालियन वैद्य लोंब्रोसो याने 1876 साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली आणि कवटीच्या, चेहऱ्याच्या ठेवणीत गुन्ह्याचे मूळ शोधले. त्याच दशकात, 1871 मध्ये, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा करून काही जमातींना जन्मानेच संशयित ठरवले होते. या धोरणाखाली उभी राहिलेली सोलापूरची ‘सेटलमेंट’, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवण्याची वसाहत, आजही लोकांच्या स्मरणात आहे. हा कायदा 1952 साली संपला, पण विमुक्तांच्या, म्हणजे त्यातून मुक्त झालेल्या जमातींच्या, पालावरचा पोलिसी संशय त्याबरोबर संपला नाही. कर्मसिद्धांताचाही असाच विपर्यास होतो: पूर्वकर्माने जन्म ठरतो एवढेच धरले आणि पुढचे कर्म माणसाच्या हाती आहे हे सोडले, की धर्मविचार आणि लोंब्रोसो एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

याज्ञवल्क्यस्मृतीत व्यवहार आणि प्रायश्चित्त असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. व्यवहार म्हणजे राजाने करायचा न्यायनिवाडा, तर प्रायश्चित्त म्हणजे अपराध्याने स्वतः पत्करायची शुद्धी. दंड लादता येतो, प्रायश्चित्त लादता येत नाही, आणि तुरुंगाकडून सुधारणेची अपेक्षा धरणाऱ्या आधुनिक राज्याची खरी अडचण इथेच आहे. औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करू दिली गेली; तेथे भिंतीची जागा विश्वासाने घेतली. प्रायश्चित्ताला वाव देण्याचा इतका सरळ प्रयोग क्वचितच झाला असेल.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी गुन्हेगारीशास्त्र शिकलेल्यांपुढे पोलीस प्रशिक्षण, संशोधन, बालकांच्या निरीक्षणगृहातील काम, पीडितांना साहाय्य, तुरुंगातील कच्च्या कैद्यांसाठी ‘प्रयास’ हा प्रकल्प करतो तसे सामाजिक कार्य, असे अनेक मार्ग आहेत. कर्माचा कर्ता कोण, या प्रश्नाला सर्वांत थेट भिडते ते परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद. 1958 च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय योग्य प्रकरणी अपराध्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते, आणि त्याआधी या अधिकाऱ्याचा अहवाल आला असल्यास तो विचारात घ्यावा लागतो. त्या अहवालासाठी अधिकारी अपराध्याच्या घरी जातो, शेजाऱ्यांशी बोलतो, कमाई, व्यसन, शिक्षण यांची चौकशी करतो. म्हणजे नारदांचा प्रश्न तो वाल्याच्या घरच्यांना पुन्हा, आणि या वेळी गावालाही, विचारतो. गुन्ह्याची कारणे मांडताना गुन्हा करणाऱ्याची जबाबदारी पुसू न देणे, हे त्याच्या कामातले सर्वांत अवघड आहे. वाल्याचा वाल्मीकी होणे ज्याला केवळ कथेतच शक्य वाटते, त्याने हे पद स्वीकारू नये.