कलिंगच्या शिळेवर काय कोरले आहे?



अशोक विजयादशमीला मुले विचारतात, “कलिंग जिंकले, त्याचाच हा विजय का?” त्यांना नीट उत्तर द्या.

कलिंग हा आजच्या ओडिशाच्या समुद्रकाठचा, मौर्य राज्याच्या सीमेवरचा मुलूख. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, इ.स.पूर्व २६१ च्या सुमारास, अशोकाने तो युद्ध करून आपल्या राज्याला जोडला. दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी पट पुढे मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. खुद्द अशोकाने तेराव्या शिलालेखात ते कोरवून आपला पश्चात्ताप जाहीर केला आणि धम्माने मिळवलेला विजय हाच श्रेष्ठ विजय मानला.

परंतु कलिंगात, धौली व जौगड येथील शिळांवर, हा तेरावा लेख नाही. तेथे दोन वेगळे लेख आहेत. त्यांत तोसली आणि समापा येथील अधिकाऱ्यांना आज्ञा आहे: सर्व माणसे माझी लेकरे आहेत, विनाकारण कोणाला तुरुंगात डांबू नका, छळू नका, मत्सर, क्रोध, निष्ठुरपणा, उतावळेपणा, आळस सोडा. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचावा, ऐकणारा एकटा असला तरी त्याला ऐकवावा, असेही त्यात आहे. म्हणजे अधिकाऱ्याने आपल्याशी कसे वागावे, हे जिंकलेली रयत स्वतःच्या कानांनी ऐकत होती.

अशोकाने कलिंग परत दिले नाही. श्रद्धेपोटी हे झाकू नये. पण पश्चात्ताप नुसता बोलायचा नसतो, ज्याला दुखावले त्याच्याशी वागून दाखवायचा असतो, हे त्याने ओळखले.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात याच दिवशी आपल्याला धम्म दिला. आपण जिंकणारे नव्हतो, पिढ्यान्‌पिढ्या हरवले गेलेले होतो. तरीही घरात सुनेवर हात उगारणारा, सोयरीक करताना पोटजात विचारणारा, आपल्याहून दुबळ्याला तुच्छ लेखणारा आपल्यात आहेच. त्या क्षणी तोही एक लहानसा कलिंगविजेता असतो.

म्हणून येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला विचारा, “माझ्याकडून तुला काय दुःख झाले?” मधे न बोलता ऐका, आणि दुसऱ्या दिवसापासून वागणूक बदला. दीक्षा तिथे खरी होते.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.