नऊ लिटरचा हिशेब

‘काल बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल,’ पोट बिघडलं की आपल्याकडे हे वाक्य ठरलेलं. भेळेची गाडी, लग्नाचं जेवण, कोपऱ्यावरचा उसाचा रस, आरोपी लगेच सापडतो. दोन दिवस मऊ भात, ताक, आणि प्रकरण मिटतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत ते अनेकांच्या बाबतीत मिटलं नाही. जुलाब थांबले, माणसं कामाला लागली आणि मग काही दिवसांनी पायांत मुंग्या आल्या, जिना चढवेना, घास तोंडाशी नेताना हात लुळा पडू लागला. काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे वर्तमानपत्रांतला जीबीएस. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही दगावले. रुग्णांच्या शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) तपासले तेव्हा काहींत नोरोव्हायरस निघाला आणि काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू.

पोटातला जंतू थेट पायाच्या ताकदीवर कसा येतो? त्यासाठी आधी आतड्याचा रोजचा हिशेब पाहायला हवा. धडधाकट माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. त्यातलं आपण प्यायलेलं नि खाल्लेलं जेमतेम दोन लिटर. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं शरीरानेच सोडलेलं. यातलं जवळजवळ सगळं परत शोषलं जातं आणि शौचावाटे जातं ते पेलाभर. एवढा चोख व्यवहार चालतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

पटकीचा जंतू या व्यवहारात हात घालतो. तो आतड्याची भिंत फोडत नाही. तिला चिकटून बसतो आणि एक विष सोडतो. ते पेशीत शिरून क्षार बाहेर टाकण्याची कळ दाबून धरतं. क्षार गेले की पाणी त्यांच्यामागे जातं. १९५९ मध्ये कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रावण घातलं, तरी आतडं पाण्याने टम्म फुगलं. या शोधाला नोबेल मिळालं नाही, हे मला आजही खटकतं. जंतूच्या बाजूने पाहिलं तर जुलाब हे त्याचं वाहन आहे: एका माणसातून निघून पाण्यात, आणि पाण्यातून पुढच्या माणसात.

रक्ती हगवणीचा शिगेला हा जंतू वेगळ्या रीतीने वागतो. तो मोठ्या आतड्याच्या पेशींत घुसतो, त्या मारतो, म्हणून आव आणि रक्त पडतं. त्याचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी पुरतात. पटकीला मात्र लाखो लागतात, कारण बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात. उठल्याबरोबर चहाआधी ‘अ‍ॅसिडिटीची गोळी’ घेण्याची ज्यांना वर्षानुवर्षं सवय आहे, त्यांचा हा पहारा थोडा ढिला झालेला असतो. डॉक्टरांनी दिली असेल तर जरूर घ्यावी. मेडिकलवाल्याने सुचवली म्हणून कायमची चालू ठेवू नये.

आता कॅम्पायलोबॅक्टर. हा मळसूत्री आकाराचा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो. त्यांना सहसा काहीच होत नाही. माणसाच्या पोटात मात्र तो आतड्याच्या चिकट थरातून वळसे घेत भिंतीपर्यंत पोचतो आणि तिला सूज आणतो. ताप, पोटात मुरडा, जुलाब, आणि आठवडाभरात बहुतेक जण बरे. पण याच्या काही जातींच्या कवचावर साखरेच्या ज्या साखळ्या असतात, त्या आपल्या मज्जातंतूंवरच्या साखळ्यांशी हुबेहूब जुळतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि जंतू गेल्यावर हीच प्रतिपिंडं आपल्या नसांवर चाल करतात. हे हजारात एखाद्याच्या बाबतीत घडतं. म्हणजे जीबीएसचे थोडे रुग्ण एका पट्ट्यात दिसले, तर नुसत्या जुलाबाने आजारी पडून घरीच बरे झालेले कितीतरी जास्त असणार. ते कुठल्याच यादीत येत नाहीत.

जुलाबाच्या त्रासावर जो सर्वांत मोठा उतारा सापडला, तोही आतड्याच्या याच भिंतीत होता. पटकीचं विष एक कळ दाबून धरतं, पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारी वाट त्याला बंद करता येत नाही. त्या वाटेने पाणीही आत येतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले. तीच आपली जलसंजीवनी. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट ढवळलं तर ते गोड-खारट पाणी उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं.

आता पुन्हा सिंहगड रस्त्याकडे. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. माणसं शहराची झाली, पाणी गावचंच राहिलं: धरणाचं पाणी विहिरीत, विहिरीवर क्लोरीन, आणि तिथून थेट नळाला. गाळून शुद्ध करणारं केंद्र मध्ये नव्हतं. साथीनंतर जारचं पाणी भरून देणारे काही खासगी आरओ प्लांटही महापालिकेने सील केले, म्हणजे पैसे मोजून पाणी घेणारेही सुटले नव्हते.

शिवाय आपला पुरवठा चोवीस तास नसतो. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब उतरतो, आणि जिथे पाइपाला तडा असेल आणि शेजारी गटार वाहत असेल, तिथलं घाण पाणी आत खेचलं जातं. सकाळची पहिली धार हेच घेऊन येते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणारे कर्मचारी ओटी टेस्ट करतात: काचेच्या नळीत नळाचं पाणी, त्यात काही थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ती टेस्ट टाकीपाशी किंवा विहिरीवर नव्हे, लाइनीच्या टोकाच्या घरी घ्यायची असते. तिथे रंग आला नाही, तर त्या दिवशी पाणी उकळायचं आणि वॉर्ड ऑफिसला फोन लावायचा.