पाण्यातला बॉक्सर

लालबागच्या एका चाळीत एक पोरगा राहायचा. बॉक्सर. वय सतरा, हाताला वेग होता, पण डोकं कायम तापलेलं. रिंगमधला राग त्याने एकदा नाक्यावर काढला आणि उजव्या हाताचं हाड मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर चढलं, स्पर्धा हुकली. ग्लोव्हज माळ्यावर फेकून तो दिवसभर गॅलरीत बसू लागला.

शेजारचे काका गिरणी कामगार, उमेदीत कबड्डी गाजवलेले. ते रोज म्हणायचे, "पाय शाबूत आहेत ना? मग खाली उतर, पायांचा सराव कर." एक दिवस पोरगा उसळला, "काका, तुम्ही कबड्डीवाले. बॉक्सिंगमधलं तुम्हाला काय कळतं?"

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "नाही कळत. विजय मर्चंटनाही कळत नव्हतं," असं म्हणून त्यांनी गोष्ट सुरू केली.

सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर पोरवयातच लष्करात गेले आणि बॉक्सर झाले. १९६४ साली टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळून आले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. अंगात गोळ्या घुसल्या, त्यातली एक मणक्यापाशी कायमची राहिली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग हातांचा खेळ वाटतो, पण ठोसा निघतो टाचेतून. टाचच गेली.

कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात त्यांना पोहायचा सल्ला मिळाला. पाण्यात पायांचं ओझं उरत नाही, सगळा भार खांद्यांवर येतो. आणि खांदे बॉक्सरचे होते.

पण पोहता आलं म्हणून परदेशातल्या स्पर्धेचं तिकीट कोण काढून देणार? इथे मर्चंट आले. ठाकरसींच्या घराण्यातले गिरणीवाले, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सरासरी ७१.६४, पुढे फक्त ब्रॅडमन. १९५१ साली दिल्ली कसोटीत १५४ धावा काढल्या, त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि कसोटी क्रिकेट तिथेच संपलं. ऐन बहरात शरीर दगा देतं म्हणजे काय, हे या माणसाला ठाऊक होतं. पुढे ते अपंगांच्या कामाला लागले. त्यांच्या संस्थेने पेटकरांच्या प्रवासाचा भार उचलला. मर्चंटनी त्यांना ना ठोसा शिकवला, ना पाण्यात हात मारायला. तरी मला ते गुरूच वाटतात. माणसाचं काय गेलं हे सगळ्यांनाच दिसतं, काय उरलंय हे ज्याला दिसतं तो गुरू.

१९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पाण्यात उतरले. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि सुवर्णपदक. ऑलिंपिक, पॅरालिंपिक दोन्ही धरून भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण ते हेच. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली. ही दिरंगाई आजही मनाला लागते.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुन्हा रिंगमध्ये नाही गेले ते?"

"नाही. पण रिंगमध्ये कमावलेले खांदे पाण्यात घेऊन गेले."

दुसऱ्या दिवशी पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, चाळीच्या चौकात पावलांचा आवाज येऊ लागला. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, डावी मूठ हनुवटीपाशी, पाय पुढे-मागे, पुढे-मागे. काका शाल गुंडाळून कठड्याशी आले. थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"टाच उचल!" वरून हाक आली.

पोराने मान वर केली नाही. टाच उचलली.