कविता गेली, चाल राहिली

कवितेला चाल लावायची म्हटली की मराठी माणसाला भावगीत आठवते: एक कवी, एक संगीतकार, एक गळा. पाश्चात्त्य वृंदगायनात तीच कविता चाळीस-पन्नास गळ्यांत वाटली जाते. कवितेतला ‘मी’ मग कुणी गायचा?

अमेरिकी संगीतकार रँडल थॉम्पसन यांनी हा प्रश्न आवाजांच्या वाटणीतून सोडवला. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट गावाच्या द्विशताब्दीसाठी १९५९ मध्ये त्यांनी रॉबर्ट फ्रॉस्टच्या सात कवितांचे ‘फ्रॉस्टियाना’ रचले. त्यातल्या संवादरूप कवितेत पुरुष आणि स्त्रिया आपापल्या वाट्याचे बोलतात. बर्फाळ संध्याकाळी रानाशी थबकलेल्या वाटसरूची प्रसिद्ध कविता फक्त पुरुषांकडे आहे. शेवटच्या, ताऱ्याला उद्देशून लिहिलेल्या कवितेत सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचे सर्वांत उंच आवाज, वरचा एकच सूर धरून ठेवतात आणि बाकीचे आवाज त्याच्याखाली सरकत राहतात. तारा शब्दांबरोबरच कानांनाही कळतो.

वाटसरूच्या त्याच कवितेला चार दशकांनंतर एरिक व्हिटाकर या तरुण अमेरिकी संगीतकाराने हात घातला. वाद्यांची साथ नाही, आठ पदरी आवाज. रचना गायली गेली, लोकांना आवडली; पण फ्रॉस्टच्या कवितांचे हक्क सांभाळणाऱ्यांनी परवानगी नाकारली. संगीत बासनात बांधून ठेवण्याऐवजी व्हिटाकरने आपला कवीमित्र चार्ल्स अँथनी सिल्वेस्ट्री याला गाठले आणि तयार सुरांवर नवे शब्द मागितले. वृत्त तेच हवे, शेवटी झोपेचा शब्दही तोच हवा. अशी ‘स्लीप’ जन्माला आली.

एरवी शब्द आधी आणि सूर मागून. इथे सुरांनी शब्द मागवून घेतले.

मग मूळ कविता नुसते निमित्तच होती का? तसे म्हणता येत नाही. फ्रॉस्टच्या वृत्ताचा ठेका आणि अखेरच्या ओळीची पुनरुक्ती या संगीताच्या हाडात आहे. हरवले ते वेगळेच. फ्रॉस्टचा वाटसरू रानाची ओढ आणि दिलेला शब्द यांच्या कात्रीत सापडलेला आहे. त्याला थांबावेसे वाटते आणि जायचेही आहे. ‘स्लीप’मध्ये कर्तव्याचा हा ताण नाही. झोपेचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, आवाज विरळ होत जातात आणि शेवटी ऐकू येईनासे होतात.

या शेवटातच खरी मेख आहे. विरत जाणारा हा शेवट सुरांत आधीच लिहिलेला होता. म्हणजे फ्रॉस्टचे शब्द समोर असतानाच संगीतकाराने वचनापेक्षा झोपेला झुकते माप दिले होते. सिल्वेस्ट्रीने तो कल ओळखला आणि त्याला साजेसे शब्द दिले. कविता स्वरबद्ध करणे म्हणजे तिचा एक अर्थ निवडणे. दुसरा अर्थ त्या निवडीत मागे पडतो. चांगल्या वृंदरचनेचा कस गोडव्यावर लावू नये. तिने कोणता अर्थ उचलला आणि तो कितपत पेलला, हे पाहावे.

२०११ मध्ये ५८ देशांतल्या दोन हजारांहून अधिक आवाजांनी इंटरनेटवर ‘स्लीप’ एकत्र गायली. फ्रॉस्टची १९२३ ची कविता १ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाली. तरीही वृंद व्हिटाकरची रचना सहसा गातात ती सिल्वेस्ट्रीच्या शब्दांत.