जुन्या शस्त्राचा परिग्रह

लष्करी सेवेतून बाद झालेले रिव्हॉल्व्हर, त्याचे चामडी होल्स्टर, मुठीच्या तळाशी असलेल्या कडीत अडकवण्याची दोरी आणि कमरपट्टा यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थाचे अहिंसाव्रत अभंग राहते काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी शस्त्राचे शस्त्रपण लोखंडात असते, चालवणाऱ्याच्या हेतूत असते की जपणाऱ्याच्या ओढीत असते, हा धर्मविचारातील जुना वाद त्यात दडलेला आहे. नवीन पनवेलच्या परिसरात तो विशेष जवळचा ठरतो. सिडकोने वसवलेल्या या वसाहतीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या शिरढोण येथे १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले, आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा १८७८ चा कायदा नुकताच लागू झालेला असताना त्यांनी १८७९ मध्ये सशस्त्र बंड उभारले. याच रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये विनोबा भावे जन्मले, आणि मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे आपणहून शस्त्रे ठेवली.

कायद्याने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालवता येणार नाही, ही त्याची अट आहे. म्हणजे १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले वेब्ली मार्क सहा हे रिव्हॉल्व्हर केवळ जुने झाले म्हणून निर्दोष ठरत नाही. कायदा लोखंडाची क्षमता पाहतो. ते जवळ बाळगणाऱ्याचे मन पाहणे हे त्याचे कामही नव्हे.

जैन तत्त्वविचार मात्र नेमका येथून पुढे जातो, आणि या विषयावर त्याच्याइतका बारकाईचा विचार अन्यत्र क्वचितच आढळतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ‘अधिकरण’, म्हणजे ज्याच्या आधाराने कर्माचा आत्म्याकडे ओघ सुरू होतो ते साधन, अशी संकल्पना असून हे अधिकरण जसे सजीव असते तसेच निर्जीवही असते. निर्जीव अधिकरणाचे जे प्रकार तेथे सांगितले आहेत, त्यांत वस्तू घडवणे जसे येते, तसा ‘संयोग’, म्हणजे आधीच घडलेले भाग एकत्र जोडणे, हाही येतो. तयार पात्याला मूठ बसवणे हे त्याचे परंपरेने दिलेले उदाहरण. संग्राहकाचा सारा आनंद या संयोगातच असतो, कारण विखुरलेले होल्स्टर, दोरी आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा एका काळाचे, एका पलटणीचे म्हणून जुळले की संच पूर्ण झाल्याचे समाधान त्याला लाभते. हे जुळवणे इतिहास समजून घेण्यासाठी आहे की हरवलेली मारकता परत आणण्यासाठी, यावर त्याचा दोष अवलंबून आहे, आणि दोन्हींमधली रेघ संग्राहक समजतो त्याहून पुष्कळ बारीक आहे.

शस्त्र खाली ठेवणे म्हणजे आपोआप अहिंसा नव्हे, हे विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत अर्जुनाच्या निमित्ताने स्पष्ट केले आहे. अर्जुनाने धनुष्य टाकले ते स्वजनांच्या मोहाने, हिंसेचा वीट आल्याने नव्हे. याच न्यायाने शस्त्र जवळ ठेवणे म्हणजेही आपोआप हिंसा ठरत नाही. खंडेनवमीला महाराष्ट्रात शस्त्रांबरोबर कारागिराच्या हत्यारांचीही पूजा होते, कारण ज्या साधनावर आपला धर्म आणि चरितार्थ उभा आहे त्याविषयीची ती कृतज्ञता असते. संग्रहातील रिव्हॉल्व्हर मात्र संग्राहकाच्या कोणत्याही कर्तव्याचे साधन नसल्यामुळे पूजेचा हा आधार त्याला उसना घेता येत नाही.

खरा धोका ‘अनुमोदना’चा आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मनाने संमती दिलेले, अशी कर्माची तीन रूपे जैन आचारशास्त्र मानते, आणि जुन्या शस्त्राविषयीच्या कौतुकात तिसरे रूप नकळत शिरते. अधिकाऱ्यांच्या खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा सॅम ब्राउन पट्टा ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या ब्रिटिश अधिकाऱ्याने सत्तावनच्या उठावाविरुद्ध लढताना १८५८ मध्ये डावा हात गमावला होता. त्याचे नाव चामड्याला चिकटून राहिले. त्याच्यासमोर पडलेल्यांची नावे कोणत्याही पट्ट्यावर नाहीत. रिव्हॉल्व्हरवरील क्रमांक, तपासणीचे शिक्के आणि सरकारी मालकीचा बाण ही सारी मालकाची नोंद असून गोळी लागलेल्याची नोंद त्यावर कोठेच नसते. संग्राहक जेव्हा एवढीच नोंद वाचतो, तेव्हा तो पुराव्याचा एकच पक्ष ऐकत असतो.

परिग्रहाचा अर्थ वस्तूंची संख्या नसून त्यांतली आसक्ती आहे, असे उमास्वाती मानतात, आणि या आसक्तीची कसोटी वस्तू सोडण्याच्या वेळी लागते. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, आचारात हिंसेचे साधन दुसऱ्याला देणे हा स्वतंत्र दोष मानला असल्यामुळे, आपल्यामागे हा संग्रह कोणाच्या हाती जाणार याचा निर्णय न करता निघून जाणारा संग्राहक त्या दोषाला कारण होतो. दिनकर केळकर यांनी शस्त्रांसह आपला अवघा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला आणि तो पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आजही पाहता येतो. मारक वस्तू जमवणाऱ्याने हा निर्णय पहिली वस्तू घरी आणतानाच घेतला पाहिजे, कारण पुढे आसक्ती वाढत जाते आणि तो पुढे ढकलण्याची कारणेही वाढत जातात.