पाते आणि मूठ

जुन्या सुऱ्या-कट्यारी जमवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "माणसे मारायच्या वस्तूंत तुम्हांला सौंदर्य कसे दिसते?" माझा संग्रह एका लाकडी पेटीत मावणारा, तरी मलाही तो चुकत नाही. पण मला वाटते, विचारणारे चुकीच्या टोकाला धरतात. पात्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, मुठीकडे कोणी पाहत नाही.

जंबियाचेच घ्या. आम्हां हैदराबादकरांना हा शब्द बारकसमुळे जवळचा. निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौती अरबांची ती वस्ती. 'बॅरक्स'चे 'बारकस' झाले. त्यांच्या मूळ मुलखात, यमनमध्ये, रुंद पट्ट्यात पोटाच्या मधोमध खोचलेला, वाकड्या पात्याचा जंबिया म्हणजे पुरुषाची अब्रू. तो उगाच उपसणे लाजिरवाणे. उलट दोन जमातींत तंटा पेटला, की दोन्ही पक्ष आपापले जंबिये मध्यस्थाकडे तारण ठेवतात. निवाडा मानू, ही हमी त्यातच आली. आपण ज्या पात्याला भितो, ते तिथे समेटाच्या कामी येते.

मुठीची गोष्ट निराळी. जंबियाचे मोल मुख्यतः मुठीवर ठरते, आणि सर्वांत मानाची मूठ गेंड्याच्या शिंगाची. हे शिंग म्हणजे हाड नव्हे. आपली नखे ज्या द्रव्याची, त्याचेच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घासून त्याला मधासारखी झाक येते, आणि खरे सांगायचे तर ती झाक अप्रतिम असते. पूर्वी ती बड्या घराण्यांपुरती होती. 1970 नंतर सौदी अरबस्तानात राबणाऱ्या यमनी मजुरांच्या हाती तेलाचा पैसा आला, आणि आपल्याही कमरेला ती मूठ असावी असे त्यांना वाटले. यात गैर काय? नोकरी लागल्यावर आपण आईला पाटल्या करतोच की! पण 1970 च्या सुमारास आफ्रिकेत 65,000 च्या आसपास असलेले काळे गेंडे 1995 पर्यंत 2,500 हूनही कमी उरले. पूर्वेकडची औषधांची मागणीही त्याला कारण होती. तरी त्या दशकात उत्तर यमन हे शिंगाचे फार मोठे गिऱ्हाईक होते. 1982 साली तिथे आयातीवर बंदी आली, 1992 साली मुख्य मुफ्तींनी गेंड्यांच्या हत्येविरुद्ध फतवा दिला. चोरटा माल येतच राहिला.

यांतल्या बहुतेक जंबियांची पाती कुणाच्या अंगाला लागलीही नसतील. जीव घेतले ते मुठींनी. आणि मुठींना ती ताकद कोणी दिली? "वा, काय चीज आहे!" म्हणणाऱ्या जाणकारांनी. म्हणजे माझ्यासारख्यांनीच.

बारकसमधले एक परिचित आपला जंबिया दाखवताना संकोचून म्हणाले, "मामूलीच है भाई, भैंस के सींग का है." (त्यातला 'च' आपला, दखनीने उचललेला.) घरच्या वारशाबद्दल माणसाने माफी का मागावी? शिवाय म्हशीची ही शिंगे भारतातूनच यमनला जातात.

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीचा गेंडा तुमच्या कौतुकाने आज थोडाच मरतो? बरोबर आहे. पण त्या कौतुकाने हाव जिवंत राहते, आणि हाव जुन्या मालावर थांबत नाही. कायदा खरेदी अडवतो. तोंडातून निघणारी दाद अडवू शकत नाही. मग जाणकाराने खोटे बोलावे का? म्हशीचे शिंग तितके पारदर्शक होत नाही, हे मला डोळ्यांना दिसते. त्या दिवशी मी तुलना केली नाही. मुठीचा घाट, चांदीच्या खिळ्यांची बसवण, पट्ट्यावरचे जरीकाम, हे मात्र बराच वेळ पाहिले आणि मनापासून वाखाणले. परिचितांनी मग जंबिया म्यानात न घालता तसाच गादीवर ठेवला आणि धाकट्या मुलाला तो बघायला हाक मारली.