पाच क्वार्टरबॅक आणि एक अर्धवट प्रश्न

२६ एप्रिल २०१८. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा ड्राफ्ट सुरू होता. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू लीगचे ३२ संघ एकेक करून निवडून घेतात, तो हा वार्षिक सोहळा. त्या रात्री पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेले खेळाडू, निवडले गेले. क्लीव्हलंडने अगदी पहिला उचलला तो बेकर मेफील्ड. तिसरा सॅम डार्नॉल्ड, न्यूयॉर्क जेट्सकडे. सातवा जॉश अ‍ॅलन, बफलोकडे. दहावा जॉश रोझेन, अ‍ॅरिझोनाकडे. आणि फेरी संपता संपता, बत्तिसावा, बाल्टिमोरने घेतलेला लमार जॅक्सन.

ही क्रमवारी लावणारे लोक हौशी नव्हते. खेळाडू पारखणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा. या मुलांच्या शेकडो चित्रफिती पाहून झाल्या होत्या, पंजाची रुंदी मोजून झाली होती, मुलाखती झाल्या होत्या. तरीही पुढे काय झालं? बत्तिसावा जॅक्सन २०१९ आणि २०२३ असा दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सातव्या अ‍ॅलनला तोच मान २०२४ मध्ये मिळाला. पहिला आणि तिसरा हे दोघेही आपापल्या पहिल्या संघांनी मोडीत काढले आणि दोघांचंही बस्तान बसलं ते चौथ्या संघात गेल्यावर: मेफील्डचं टॅम्पा बेमध्ये, डार्नॉल्डचं मिनेसोटात. दहावा रोझेन आज लीगमध्ये नाही.

‘हा मुलगा व्यावसायिक फुटबॉल खेळेल का?’ हा प्रश्न अमेरिकेत दर हिवाळ्यात कॉलेजच्या प्रत्येक नामांकित क्वार्टरबॅकबद्दल विचारला जातो. वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी, सट्टेबाज, सगळे त्यावर पोसले जातात. हा प्रश्न अर्धवट आहे. उत्तर जणू त्या मुलाच्या दंडात आणि डोक्यात आधीच लिहून ठेवलंय, फक्त ते वाचता आलं पाहिजे, असं तो गृहीत धरतो. उत्तराचा मोठा भाग मुलाच्या बाहेर असतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. चेंडू हातात आल्यापासून तो फेकेपर्यंत त्याला साधारण अडीच-पावणेतीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरच्या अकरा जणांची मांडणी खरी की फसवी हे ओळखायचं, आपल्या पळणाऱ्या चार-पाच साथीदारांपैकी कोण मोकळा होणार आहे ते ताडायचं, आणि अंगावर धावून येणाऱ्या सव्वाशे किलोच्या माणसाकडे दुर्लक्ष करून चेंडू सोडायचा. अशा खेळाडूला सर्वोच्च श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सुमारे १३० संघांत जागा असते. वर फक्त ३२ जागा, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक आधीच कोणीतरी अडवून ठेवलेल्या.

शिवाय कॉलेजचा खेळ आणि वरचा खेळ दिसायला सारखा असला तरी आतून वेगळा आहे. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. पण डाव जिथून सुरू करतात त्या आतल्या खुणांमधलं अंतर कॉलेजात ४० फूट आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात चेंडू बऱ्याचदा एका कडेला ठेवला जातो, दुसरी बाजू मोकळं रान होते, आणि चतुर प्रशिक्षक त्या रानाचा फायदा उठवतो. वर ते रान नाही. कॉलेजात कित्येक वर्षं क्वार्टरबॅक मैदानाबाहेर पाहायचा, तिथे कोणीतरी चित्रांचे मोठे फलक उंचावून डाव सांगायचा. समोरचा बचाव पाहून डाव बदलायचा निर्णयही अनेकदा बाहेरूनच व्हायचा. एनएफएलमध्ये हेल्मेटमधल्या रेडिओवर प्रशिक्षकाचा आवाज येतो खरा, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे मुलगा एकटा. कॉलेजात ढिगाने टचडाउन करणाऱ्या कित्येकांवर अशा एकटेपणाची वेळ कधी आलेलीच नसते, आणि हे त्यांच्या आकड्यांत कुठेही दिसत नाही.

अ‍ॅलनचे आकडे तर वाईटच होते. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळच्या फायरबॉ या गावातला हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला विचारलं नाही. रीडली कॉलेज या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात खेळून त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेलमागून ईमेल पाठवले. शेवटी वायोमिंग विद्यापीठाने त्याला जागा दिली. तिथे त्याच्या शंभरातले जेमतेम ५६ पास साथीदाराच्या हाती पोचत. अभ्यासकांचा तेव्हाचा नियम साधा होता: कॉलेजात ज्याचा नेम चुकतो त्याचा वर गेल्यावर सुधारत नाही. पहिल्या वर्षी बफलोत तो नियम खरा ठरला. अचूकता ५२.८ टक्के, १० टचडाउन, १२ चेंडू विरोधकांच्या हातात. टीकाकारांनी ‘सांगत होतो ना’ म्हणायचं तेवढं म्हणून घेतलं.

पुढच्या दोन वर्षांत बफलोने जे केलं त्याकडे फार कमी जणांनी बारकाईने पाहिलं. मुख्य प्रशिक्षक शॉन मॅक्डरमॉट जागेवर राहिले. आक्रमणाची आखणी करणारे ब्रायन डेबल चार मोसम तेच राहिले, म्हणजे अ‍ॅलनला दरवर्षी नवी भाषा शिकावी लागली नाही. २०१९ मध्ये त्याच्यापुढची संरक्षक फळी नव्याने बांधली गेली आणि दोन अनुभवी रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, आणले गेले. २०२० मध्ये पहिल्या फेरीची निवड खर्चून स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आला. मोसमाबाहेरच्या महिन्यांत अ‍ॅलनने जॉर्डन पामर या माजी क्वार्टरबॅकच्या हाताखाली फेकण्याची ढब दुरुस्त केली. ५२.८ वरून ५८.८, आणि तिसऱ्या वर्षी ६९.२ टक्के, ३७ टचडाउन. सुधारणार नाही असं म्हटलेला नेम सुधारला. कष्ट त्याचे होते, हे निर्विवाद. पण दुसऱ्या वर्षाअखेर हात झटकणारा संघ असता तर ते कष्ट कोणाला दिसलेही नसते.

रोझेनला तसाच संघ मिळाला. अ‍ॅरिझोनात पहिल्याच मोसमात मधेच आक्रमणाचा प्रशिक्षक हाकलला गेला, मोसम संपल्यावर मुख्य प्रशिक्षकही गेला, संघ १३ सामने हरला. नव्या प्रशिक्षकाने दुसऱ्याच एप्रिलमध्ये कायलर मरे हा नवा क्वार्टरबॅक पहिल्या क्रमांकाने घेतला आणि रोझेनला मायामीला पाठवून दिलं. जेट्सकडे डार्नॉल्डला तीन वर्षांत दोन मुख्य प्रशिक्षक लाभले आणि तिसऱ्या मोसमात संघाने १४ सामने गमावले. क्लीव्हलंडमध्ये मेफील्डच्या पहिल्याच मोसमात मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली. तिसऱ्या वर्षापर्यंत तो हंगामी धरून चौथ्या मुख्य प्रशिक्षकाखाली खेळत होता. रोझेनमध्ये अ‍ॅलनइतकी ताकद नव्हती, हे कबूल. डार्नॉल्डच्या चुका त्याच्याच होत्या, हेही कबूल. पण तोच डार्नॉल्ड २०२४ मध्ये केव्हिन ओ’कॉनेल यांच्या मिनेसोटात ३५ टचडाउन करतो आणि संघाला १४ विजय मिळवून देतो, तेव्हा सहा वर्षांपूर्वीच्या अहवालांत नेमकं काय मोजलं होतं, असा प्रश्न पडतो.

जॅक्सनची गोष्ट थोडी निराळी, आणि कडू. २०१६ मध्ये कॉलेजचा सर्वोच्च मान, हाइजमन करंडक, जिंकलेला हा मुलगा. तरी बिल पोलियन यांच्यासारखा जाणता माजी व्यवस्थापक जाहीरपणे म्हणाला की त्याने क्वार्टरबॅक सोडून रिसीव्हर व्हावं. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला ‘पळतो छान’ म्हणून दुसऱ्या जागी ढकलण्याची ही रीत जुनी आहे. वॉरन मून यांनी १९७८ च्या जानेवारीत वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला, आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्यांना कोणीही घेतलं नाही. ते कॅनडात एडमंटनला गेले, सहा मोसम खेळले, ओळीने पाच ग्रे कप जिंकले, मग मायदेशी परतून २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचले. जॅक्सनचं नशीब एवढंच की बाल्टिमोरने त्याला बदलायला न सांगता स्वतःचं सगळं आक्रमण त्याच्या पायांभोवती नव्याने रचलं. ‘मुलगा तयार आहे का’ हे विचारणाऱ्यांनी ‘संघ तयार आहे का’ हे विचारायला हवं होतं.

या म्हणण्यावर एक सणसणीत आक्षेप आहे, आणि तो सॅन फ्रान्सिस्कोहून येतो. तिथल्या फोर्टीनाइनर्सनी २०२१ मध्ये पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजून तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. पुढच्याच वर्षी ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी घेतला. या शेवटच्या खेळाडूला अमेरिकेत ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणजे ‘श्रीयुत बिनकामाचे’ म्हणून चेष्टेने गौरवतात. प्रशिक्षक काइल शॅनहन एकच, साथीदार तेच. लान्सचा घोटा मोडला, मग त्याच्या जागी आलेल्या जिमी गरॉपोलोचं पाऊल मोडलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पर्डी मैदानात उतरला तो परत बाकावर गेलाच नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लान्सला चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला देऊन टाकलं. पर्डीशी २०२५ मध्ये २६.५ कोटी डॉलरचा करार झाला. घर एकच असताना दोघांचं इतकं वेगळं झालं, तर घराला श्रेय कशाला?

फरक कॉलेजात आहे, पण जिथे सगळे शोधतात तिथे नाही. पर्डी आयोवा स्टेटमध्ये पहिल्या वर्षाच्या मध्यापासून चार मोसम खेळला. जिंकला, हरला, वेडेवाकडे चेंडू फेकून बसला, पुन्हा उभा राहिला. लान्सने खालच्या श्रेणीतल्या नॉर्थ डकोटा स्टेटकडून सुरुवातीपासून खेळलेले सामने केवळ सतरा. २०१९ चा एक झळाळता मोसम, मग महामारी. त्याच्याकडे देह होता, वेग होता. चुका करून झालेल्या नव्हत्या. आणि पर्डीलाही दार उघडलं ते दोन अपघातांमुळे. अमोल मुजुमदारांना मुंबईच्या क्रिकेटमध्ये पाहिलेल्या कोणालाही हे पटायला वेळ लागणार नाही: प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि भारताच्या मधल्या फळीत जागा कधी रिकामी झालीच नाही.  

चुका करायला वेळ कोण देतं, हा मग पैशाचा प्रश्न होतो. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या सॅम ब्रॅडफर्डचा पहिला करार ७.८ कोटी डॉलरचा होता. २०११ च्या कामगार करारानंतर कॅम न्यूटनला त्याच क्रमांकावर सुमारे २.२ कोटी मिळाले. क्वार्टरबॅक स्वस्त झाला, तोही चार-पाच वर्षांपुरता. साहजिकच संघांना घाई झाली: तो स्वस्त आहे तोवर त्याला खेळवा, वाचलेल्या पैशात बाकीचा संघ विकत घ्या. कॅन्सस सिटीने ही घाई केली नाही. टेक्सास टेकमध्ये ४१ टचडाउन टाकूनही ज्याचा संघ सात सामने हरला होता, त्या पॅट्रिक महोम्सला २०१७ चा जवळजवळ सबंध मोसम अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवलं. दुसऱ्या वर्षी ५० टचडाउन. त्याच ड्राफ्टमध्ये महोम्सच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर गेलेला मिचेल ट्रुबिस्की कॉलेजात सुरुवातीपासून फक्त १३ सामने खेळला होता आणि शिकागोने त्याला चार सामन्यांतच मैदानात लोटलं.

आता गंमत अशी की जो धीर व्यावसायिक संघांना परवडत नाही तो कॉलेजांना परवडू लागलाय. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि एक मोसम न गमावता विद्यापीठही बदलता येतं. परंपरावाद्यांनी याविरुद्ध बराच गळा काढला. निष्ठा संपली, खेळाचा बाजार झाला वगैरे. बाजार आधीही होता, फक्त मजुरी मुलांना मिळत नव्हती. क्वार्टरबॅकपुरतं पाहिलं तर या बदलाने भलंच केलंय. महामारीमुळे मिळालेलं जादा वर्ष त्याला जोडून आलं. बो निक्स ऑबर्न आणि ऑरेगन मिळून ६१ सामने खेळून, चोविशी गाठून डेन्व्हरला गेला आणि पहिल्याच वर्षी संघाला बाद फेरीत घेऊन गेला. जेडन डॅनियल्स अ‍ॅरिझोना स्टेटमध्ये तीन आणि एलएसयूमध्ये दोन मोसम मुरला. वॉशिंग्टनमध्ये पहिल्याच वर्षी बारा विजय. दोघेही २०२४ च्या ड्राफ्टमधले. बिल पार्सेल्स यांच्यासारखे जुने प्रशिक्षक शेवटच्या वर्षापर्यंत कॉलेजात राहिलेला, निदान तीन मोसम खेळलेला, पदवी घेतलेला क्वार्टरबॅकच पसंत करत. ती म्हाताऱ्यांची खोड नव्हती.

तेव्हा कॉलेजच्या क्वार्टरबॅकचं भवितव्य वर्तवायचं असेल तर चाळीस यार्ड किती सेकंदांत पळाला हे शेवटी पाहावं. आधी पाहावं तो किती सामने खेळला, त्यांतले किती हरताना खेळला, डाव स्वतः बदलायचा की बाहेरून सांगितला जायचा. मग पाहावं ज्या संघाकडे तो चाललाय तिथला प्रशिक्षक दोन वर्षांनी नोकरीत असेल का. एवढं करूनही अंदाज चुकतील. अ‍ॅलनला घडवणारे डेबल पुढे न्यूयॉर्क जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि तिथला क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सबरोबर त्यांची जादू एकच मोसम चालली. २०२४ च्या नोव्हेंबरात जायंट्सनी जोन्सला सोडून दिलं. पण निदान चूक कुठे होते ते कळेल. इंडियानापोलिसने २०२३ मध्ये फ्लोरिडाचा अँथनी रिचर्डसन चौथ्या क्रमांकावर घेतला तो त्याची उंची, वेग आणि फेक पाहून. कॉलेजात तो सुरुवातीपासून १३ सामने खेळला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला बाकावर बसवण्यात आलं आणि जागा देण्यात आली जायंट्सनी सोडलेल्या त्याच डॅनियल जोन्सला.